वाळूतली बाळंतीण

"वैनी! आवो वैनी, मेलो!"

भैरू आप्पा दरडीवरून खाली आला तो चालत नव्हे, बसून घसरत. एक चप्पल वरच राहिली होती, टोपी करंजाच्या झुडपात अडकली होती, पण हातातलं रिकामं पोतं त्यानं सोडलं नव्हतं. आई आणि मी खोपीत भाकरी खात होतो. आईनं घास हातातच धरला आणि वर पाहिलं. दरडीच्या मध्यावर मगर उभी होती.

मगर सरपटते असं शहरातल्या माणसांना वाटतं. अंड्यांपायी चवताळलेली मगर त्यांनी पाहिलेली नसते. ती चारी पायांवर उंच होते, पोट भुईपासून हातभर उचलते आणि माजलेल्या रेड्यासारखी धावून येते. पण लांब येत नाही. थोडं अंतर आली की थांबते, तोंड वासून फुसकारते आणि माघारी जाते. तिला माणूस खायचा नसतो, तो तिथून हलायला हवा असतो. आप्पा हलला होता, त्यामुळे तिचं काम झालं होतं. ती मागं वळून सावकाश आपल्या जागेवर जाऊन पडली.

"भर उनाचं कुनीकडं भावजी?" आईनं डोक्यावर पदर घेत विचारलं.

"शेणकुटं गोळा कराया आलतो."

"वाळूत?"

आप्पानं पोत्याकडं पाहिलं आणि ते बगलेत दडवलं. मला हसू आवरेना. आई हसली नाही. दिरासमोर ती कधीच हसायची नाही. तिनं मला डोळ्यानं दटावलं, तांब्याभर पाणी आप्पापुढं ठेवलं आणि म्हणाली, "पानी प्या. आन् जाताना खालच्या अंगानं जावा."

त्या पोत्यात काय भरलं जाणार होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या वेलींवर कलिंगडं धरली होती.

पावसाळा सरला की कृष्णा आत सरकते आणि काठाला वाळू उघडी पडते. करंजडोहच्या आम्हा भोयांची शेती तेवढीच. दिवाळीनंतर एकेक घर आपला पट्टा धरायचं, वाळूत खड्डे घ्यायचं, तळाला खत घालायचं, कलिंगडं आणि काकड्या लावायचं. सातबारा नाही आणि हद्दीचा दगडही नाही. असता तरी पुरानं नेला असता. म्हणून वाडीचा नियम एकच होता, ज्याची चूल त्याचा पट्टा. पट्ट्यावर खोप घालायची आणि पीक निघेपर्यंत तिथं चूल पेटती ठेवायची. जी चूल पीक निघताना पेटती, पट्टा तिचा. पुढच्या साली खुंट रोवायचा मानही तिचाच. तुमची चूल थंड पडली आणि दुसऱ्यानं तिथं आपली पेटवली की संपलं. मग पंचांचा म्होरक्या म्हादबा, तो काही तुमचं गाऱ्हाणं ऐकत बसायचा नाही.

माझा बाप पोटाच्या दुखण्यानं गेला तेव्हा आप्पानं दहाव्यालाच बोलून टाकलं होतं, की भावाचा पट्टा आता भावाकडं यायचा, बाईमाणसाला वाळू राखता येत नाही. आईनं अंथरूण उचललं. ती मला घेऊन खोपीत राहायला गेली. त्यानंतर दोन हंगाम आम्ही दोघींनी उशाला विळा घेऊन काढले. सकाळी उठावं तर वेल उपटलेले, कलिंगडं फोडून टाकलेली. कुणी केलं ते दिसायचं नाही, पण आप्पाच्या दारात कलिंगडाच्या साली चघळणारी शेरडं दिसायची.

तिसऱ्या साली ती मगर आमच्या दरडीत आली.

फाल्गुनात ती मागच्या पायांनी दरड उकरताना आईनं पाहिली. वाडीवरून आमच्या वाळूत उतरायची पायवाट तिथूनच जाते. आई मला म्हणाली, "बाळंतपणाला आलीया. माघारीन हाय, म्हायेराला आलेली. कुनाला बोलू नगं." दुसऱ्या दिवशी मगर पाण्यात उतरली असताना आई ओटी घेऊन गेली. हिरवा खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड. घरात डोक्याला लावायला तेल नव्हतं, पण मगरीच्या ओटीला खण होता. आमच्यात ती रीत आजीच्या आधीपासूनची. मगर काठावर अंडी घालायला आली, तर तिला माहेरवाशीण मानायचं आणि ओटी भरायची. ज्या बाईनं ओटी भरली तिला ती मगर काही करत नाही, असं सगळ्या बायका सांगायच्या. नदीत उतरणाऱ्या बाईला असा काही विश्वास लागतोच.

आणि खरंच तिनं आम्हाला काही केलं नाही. आम्ही खालून, पाणवठ्याच्या अंगानं यायचो-जायचो. ती वाट खोपीच्या दारातूनच जाते, तिथून कुणाला चोरून शिरता येत नाही. ती दरडीवर जबडा उघडा टाकून उन्हात पडलेली असायची. खायलाही फारशी जायची नाही. आई घागर भरता भरता तिच्याशी बोलायची. "बाये, जप. घोरपडी लई झाल्यात." त्या हंगामात आमचा एकही वेल उपटला गेला नाही. आई रात्रीची झोपायला लागली. बाप गेल्यापासून मी तिला घोरताना ऐकलं नव्हतं, तेही ऐकलं. माझा भैरू आप्पापेक्षा त्या जनावरावर जास्त जीव जडला, आणि त्यात नवल काहीच नव्हतं.

आप्पा घसरत आला त्यानंतर काही दिवसांनी पुन्हा आला. या खेपेला संध्याकाळी, खालच्या वाटेनं, अंगात धुतलेला सदरा घालून. सोबत जोंधळ्याचं पीठ आणि वाळलेली मासळी.

"वैनी, आज तुमच्या हातची भाकरी खानार. दादा हुता तवा खात हुतो."

आईनं चूल फुंकली. दादाचं नाव काढलं की तिचे हात लगबगीनं चालायचे, हे आप्पाला चांगलं माहीत होतं. जेवताना तो मोठ्या मायेनं बोलत होता. मालन मोठी झाली, तिला स्थळ बघायला हवं, पाठीशी कुणीतरी पुरुषमाणूस हवा. मी भाकरी वाढताना ताटलीवर जरा आपटलीच.

हात धुतल्यावर तो मुद्द्यावर आला. "वैनी, ती मगर काढाया पायजे. उद्या कुना पोरासोराला धरलं, तर बोल तुमच्यावर यील. म्या फारेष्टवाल्यांस्नी सांगितलंया. ते येनार हाइत."

आईचा चेहरा उतरला. "तिची आंडी हाइत भावजी. पिल्लं निघाली की जाईल."

"तवर कोन थांबलं? आन् अंड्यांचं काय बोलू नगा त्यांच्यापुढं. उगं घोळ घालत्यात." मग तो थोडा पुढं सरकला. "तुमाला काय वाटतंय ते म्या वळखलंय. मगर गेली की भैरू पट्टा घील, आसंच न्हवं?"

आईनं चुलीतली राख सारखी केली. मी म्हणाले, "व्हय, तसंच वाटतंय."

आप्पानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. आत भंडारा होता, बेलाचं पान होतं. घरून तयारीनिशी आला होता गडी. "वैनी, बेलभंडार उचलतो. मगर गेली की म्या पंचांसमूर बोलतो, हा पट्टा दादाच्या मागारी वैनीचा. भैरूचं त्यात काय न्हाई. खंडोबाची आन."

आईनं कपाळाला भंडारा लावून घेतला. तिचे डोळे भरून आले होते. मला त्या भंडाऱ्याचा नुसता राग आला.

तो गेल्यावर मी तिच्याशी कडाकडा भांडले. "आंडी हाइत म्हून तर वाट बंद हाय. त्यानं वाट मोकळी कराया शपथ घेतली, आन् तू डोळं पुसतीस?"

"मालन, मगर यंदा हाय, फुडल्या साली आसंल का नसंल. भावजी जल्माचा हाय. रक्ताचं मानूस."

"माज्या बापाचं रक्त व्हतं. तुजं न्हवं."

तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली आणि अंथरूण घातलं.

वनखात्याची माणसं जाळं आणि लाकडी पिंजरा घेऊन आली. त्यांचा साहेब तरुण होता, बोलायला मऊ. सगळी वाडी दरडीच्या वर जमली होती. म्हादबाही होता. साहेबानं आधी मगरीकडं बराच वेळ पाहिलं, मग आप्पाला विचारलं, "ही एकाच जागेवरून लोकांच्या अंगावर येते का?"

"कुटनंबी येतो सायेब. नर हाय, माजलाय."

"मला तर मादी वाटते. मादी उगाच कुणावर धावत नाही." साहेब आईकडं वळला. या वाळूत राहणाऱ्या आम्हीच, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "मावशी, तुम्ही रोज बघता. इथं अंडी आहेत का? नीट सांगा. असली तर आम्ही तिला हात लावणार नाही. ही वाट बंद करू, काट्यांचं कुंपण घालू, पिल्लं बाहेर येईपर्यंत इकडं कुणालाही उतरू देणार नाही. अंडी ठेवून हिला नेली तर पिल्लं काही वर येणार नाहीत. ती आतून ओरडतात, मग आईनं उकरायचं असतं. वर वाळू अशी घट्ट झालेली असते की त्यांना स्वतःला निघता येत नाही."

वाट बंद करू म्हणाला. सरकारी कुंपण, आणि आप्पा पलीकडं. हे मागायला आम्हाला कुणाच्या पाया पडावं लागलं नव्हतं. मी आईच्या तोंडाकडं पाहिलं.

"आंडी कुटली सायेब!" आप्पा हसला. "आमी काय आंधळं हाय?"

"हाइत," मी म्हणाले. "झुडपाच्या बुडाला हाइत. आईनं ओटी भरलीया."

पुरुष हसले. ओटीचं नाव पुरुषांत काढायचं नसतं. आप्पा म्हणाला, "बिनबापाची पोर. तोंडाला कडी न्हाई."

साहेब हसला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "मावशी?"

आप्पानं हळू आवाजात नुसतं "वैनी" म्हटलं. आईनं पदर कपाळावर ओढला. मला आता फक्त तिची हनुवटी दिसत होती.

"न्हाईत सायेब," ती म्हणाली. "पोरगी खुळी हाय."

पुढं सगळं पटापट झालं. मगरीवर जाळं पडलं, ती गुंडाळली गेली, शेपटी दोनदा आपटली. एकानं तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं आणि ती गप्प झाली. मिटताना मगरीचा जबडा म्हशीचं हाड फोडतो, पण उघडायला त्यात जोर नसतो. माणसानं वर बसून दोरीनं तोंड बांधलं की झालं. तिचं तोंड बांधायला एक माणूस पुरला. वर चढवताना तिच्या पोटाची कातडी दगडांवर घासत होती आणि बायका दोन्ही हात जोडून उभ्या होत्या. आई मात्र खोपीत निघून गेली होती. वरच्या अंगाला धरणाखाली मोठा डोह आहे, तिथं सोडणार म्हणून सांगून गाडी गेली.

मी आईशी बोलणं टाकलं.

आप्पा वाटेनं रोज ये-जा करायला लागला. आता त्याला पोतंही दडवायची गरज नव्हती, कारण तो आमचा राखणदार झाला होता. "वैनी, चार फळं घेतो, पोरं मागत्यात." आई मान हलवायची. एकदोनदा तिनं विचारलं, पंच कधी बसणार. "बसतील की. म्हादबा गावाला गेलाय." म्हादबा गावाला गेलेला नव्हता. तो रोज नदीवर अंघोळीला यायचा आणि आम्हाला दिसायचा.

आईचं झोपणं पुन्हा गेलं. एक दिवस पाहते तर दरडीवर अंड्यांच्या जागी तिनं बाभळीच्या काट्या रचल्या होत्या. घोरपडी आणि कुत्री यांच्यापासून. मग ती रोज सकाळी तिथं जायला लागली. वाकून वाळूला कान लावायची. मी लांबून पाहायचे आणि मनात म्हणायचे, आता कान लावतेस, तेव्हा तोंड का उघडलं नाहीस. तिला मी हे बोलले नाही, कारण आमचं बोलणंच बंद होतं. पण ती ते ऐकत असणार.

ज्येष्ठ लागला. कलिंगडांची शेवटची तोड राहिली होती, आणि तीच मोठी होती. एका सकाळी तांबडं फुटायला लागलं असताना आई पळत खोपीत आली. "मालन, ऊठ. ऐकू येतंया."

मी रागात होते, तरी गेले. काट्या बाजूला केल्या, गुडघे टेकले. वाळूखालून आवाज येत होता. कोंबडीच्या पिल्लांसारखा, पण त्याहून जाड, घशातला. एक थांबलं की दुसरं, मग सगळी एकदम. त्या दिवसापर्यंत मी अंड्यातून कुणी हाक मारताना ऐकलं नव्हतं.

"मरत्याली गं," आई म्हणाली. "त्यांची आई म्या घालवली."

ती खुरप्यानं आणि हातांनी उकरायला लागली. वरचा थर उन्हानं विटेसारखा झाला होता. मी खोपीतून खोरं आणलं. खाली ओल लागली, मग पांढरी अंडी, बदकाच्या अंड्यांहून मोठी. काही तडकलेली, काहींतून नाकं बाहेर आलेली. वीत-सव्वा वीत लांबीची पिल्लं, पिवळट अंगावर काळे पट्टे. आईच्या बोटाला एकानं चावा घेतला, तर ती हसली. दिवसभर वेल खुडणारी ती जाड बोटं, त्यांनी ती एकेक टरफल सोलून काढत होती. पोटाशी पाटी धरून तिनं त्यात पिल्लं ठेवली. पहिली पाटी भरली तेव्हा ती मला म्हणाली, "तू मागची काढ. म्या हितं पान्यात सोडून येते." बऱ्याच दिवसांनी आम्ही अशा बोलत होतो.

ती उतरून पाण्याकडं गेली. पाटीतली पिल्लं एका सुरात ओरडत होती. पाण्यात पाऊल घालून ती वाकली आणि तिनं पाटी कलती केली.

पाणी उसळलं.

ते काय आहे हे आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मग आईचा उजवा हात मला कोपरापर्यंत मगरीच्या तोंडात दिसला. तीच होती. पिंजऱ्यात घासलेलं नाक, त्यावरचा अजून न बुजलेला ओरखडा. मगर आपली जागा सोडत नाही, कितीही लांब नेऊन सोडली तरी वास काढत, प्रवाहातून माघारी येते. हे मला पुढं कळलं. ती कधी आली होती, किती दिवस त्या पाण्यात पडून होती, कुणास ठाऊक. पिल्लांनी हाक मारली तेव्हा ती जवळच होती, आणि तिच्या पिल्लांत कुणाचातरी हात होता.

"आगं म्या हाय," आई म्हणाली. ती किंचाळली नाही. मगरीला तिनं शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं. "बाये, म्या हाय गं!"

मी धावत गेले. एका हातानं आईची कंबर धरली आणि दुसऱ्या हातानं मगरीच्या नाकावर खोरं घातलं, एकदा, दोनदा, किती वेळा ते आठवत नाही. मगरीला चावून खाता येत नाही. तिचे दात धरायचे, चघळायचे नव्हेत. म्हणून ती धरते आणि स्वतः गरकन फिरते. ती फिरली. आई आणि मी दोघी मागं वाळूत पडलो. आईच्या कोपराखाली काही नव्हतं.

मी माझा पदर फाडला आणि दंड आवळून बांधला. गाठ बसत नव्हती, दातांनी ओढली. ते करत असताना समोर जे चाललं होतं ते मला पाहायचं नव्हतं, पण दिसत होतं. मगर पाण्याबाहेर आली. उपड्या पाटीजवळ तिनं डोकं भुईला टेकलं आणि तोंड उघडलं. पिल्लं आपणहून आत चढली. तिनं जबडा मिटला, इतका हळू, की एकालाही दात लागला नसेल. ती पाण्यात गेली, तोंड उघडून पिल्लं सोडली आणि उरलेल्यांसाठी माघारी आली. आमच्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

माझ्या ओरडण्यानं वाडी जमा झाली. गूळ शिजवायच्या काहिलीत, आमची नाव तीच, आईला निजवलं आणि नदीपलीकडं नेली, कारण पलीकडं डांबरी रस्ता होता. मी काहिलीत चढले तेव्हा आईनं डोळे उघडले. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मालन," ती म्हणाली, "चूल."

"काय?"

"चूल इजंल. तू जाऊ नगंस. चुलीपाशी ऱ्हा."

मी काही चुलीपाशी राहिले नाही. रक्तानं भिजलेली आई एकटी पाठवून खोपीत जाळ घालत बसणारी लेक कुणी पाहिली असेल तर मला दाखवा. मी म्हादबाच्या बायकोला ओरडून सांगितलं, आमच्या चुलीत दोन लाकडं सारत जा. तिनं मान हलवली. म्हादबानं तिच्याकडं पाहिलं आणि ती खाली बघायला लागली.

सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आईचा हात कोपराच्या वरून कापला. ताप उतरायला बरेच दिवस गेले. तापात ती कधी मगरीला हाक मारायची, कधी बापाला. शुद्धीवर आली की विचारायची, वाडीवरनं कुणी आलं का. कुणी येत नव्हतं.

मग एके दिवशी भैरू आप्पा आला. अंगात तोच धुतलेला सदरा, आणि खांद्यावर एक भलंमोठं कलिंगड. वॉर्डातल्या सगळ्या माना त्या कलिंगडाकडं वळल्या. खाटेजवळ येऊन तो आईच्या पट्टी बांधलेल्या दंडाकडं पाहत राहिला आणि ओक्साबोक्शी रडला. नर्सनं त्याला बसायला स्टूल दिलं. मगरीचे अश्रू म्हणतात लोक. मी जन्मभर मगरींजवळ राहिले, मला एकही रडताना दिसली नाही.

"वैनी, काय झालं वो हे. दादा आसता तर..."

"पट्टा कसा हाय?" आईनं विचारलं.

"झ्याक हाय. काळजी करू नगा. खोप रिकामी दिसाया लागली. म्हनलं, परका कुनी शिरंल. म्हून तुमच्या जावंनं थितं चूल पेटवलीया. आपल्या घरातच हाय सगळं."

मी उभी राहिले. "बेलभंडार उचलला हुतासा तुमी."

"मग? मोडला का?" आप्पानं डोळे पुसले. आता ते कोरडे होते. "म्या बोललो पंचांसमूर. भरल्या पंचांत म्हनलो, पट्टा वैनीचा हाय. इच्यार म्हादबाला. म्हादबा म्हनला, चूल कुनाची पेटतीया? आता चूल हाय आमची, त्याला म्या काय करू? वाडीची रीत काय म्या लावली?"

मला त्याचा गळा धरायचा होता. आप्पानं पिशवीतून सुरी काढली, वर्तमानपत्र पसरलं आणि कलिंगड कापलं. आत गडद लाल होतं. या फळाला आम्ही दोघींनी पाण्याच्या कळशा वाहिल्या होत्या, आणि हा ते पाहुण्यासारखं घेऊन आला होता. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला त्यानं फोड दिली, तिच्या सुनेला दिली, नर्सला दिली. लोक म्हणाले, किती मायेचा दीर आहे. मला दिली ती मी घेतली नाही.

आईनं घेतली. डाव्या हातानं तिला नीट धरता येत नव्हती, पाणी मनगटावरून ओघळत होतं. तिनं सालीपर्यंत खाल्ली.

"म्या फारेष्टवाल्यांस्नी सांगून आलोय," आप्पा म्हणाला. "त्या मगरीला गोळी घाला म्हनलं. ओटी घेतली आन् आपल्याच मानसावर उलटली. नात्याची वळख न्हाई जनावराला."

"न्हाई," आई म्हणाली. "वळख न्हाई. पोरांत कुनाचा तरी हात आला, येवढंच तिनं बघितलं. हात कुनाचा ते बघत बसली न्हाई. म्हून तिची पोरं ऱ्हायली." तिनं साल कागदावर ठेवली. आता ती आप्पाच्या तोंडाकडं पाहत होती, पदर डोक्यावरून घसरला होता आणि तो तिनं वर घेतला नाही. "म्या बघत बसले, भावजी. हात कुनाचा, ते."

आप्पानं खाली पाहिलं. कागदावर बियांचं पाणी पसरलं होतं, ते त्यानं उगाच बोटानं सारलं. मग सुरी उचलली.

"आनखी एक फोड देऊ का वैनी?"

"द्या की," आई म्हणाली. "माजंच हाय ते."

आणि तिनं डावा हात पुढं केला.